ओपन म्हंजे गड्याची जागा?

गेल्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा मी नेमकी आत्याकडं होते. आत्याचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे, गावाचं नाव इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती म्हणाली चल तालुक्याला, बघ तरी कसं असतंय, म्हणून गेले. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हॉलमध्ये स्टेजवर एक काचेची बरणी असते, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि शाळेतल्या एखाद्या लहान पोराला किंवा पोरीला बोलवून त्यांच्या हातानं चिठ्ठ्या काढतात. आमच्या वेळी तिसरी-चौथीतली एक मुलगी होती, युनिफॉर्ममध्ये, तेल लावून दोन वेण्या घातलेली. ती चिठ्ठी काढायची, साहेब माइकवर वाचायचे आणि हॉलमधून कधी शिट्टी तर कधी नुसताच सुस्कारा. तालुक्यातल्या अर्ध्या गावांची सरपंचपदं बायकांना द्यायची होती आणि त्या भरलेल्या हॉलमध्ये बायका मी मोजल्या, मी आणि आत्या धरून ११.

आत्याच्या गावाला आलं "सर्वसाधारण". मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, सुटली बाबा एकदाची. आणि आत्या पिशवी उचलून उभीच राहिली. मी म्हटलं, अगं थांब की, एवढ्यात कुठं निघालीस. तर म्हणाली, "आता काय बघायचंय, ओपन पडली म्हंजे गड्याची झाली न्हवं का जागा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलेलं नाही. कारण हे पारावर बसणारा कुणी बाप्या म्हणत नव्हता, पाच वर्षं सरपंच राहिलेली बाई म्हणत होती. जिनं दोन वस्त्यांवर पाणी नेलं, जिला आता बीडीओ (गटविकास अधिकारी) ऑफिसमध्ये शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे नावानं ओळखतात, ती.

घरी आल्यावर मी व्हॉट्सअपवर आलेला तो आरक्षणाचा तक्ता काढला आणि तिला चष्मा लावायला सांगितलं. रकाने बघ म्हटलं. अनुसूचित जाती, अनुसूचित जाती महिला. जमाती, जमाती महिला. नामाप्र (म्हणजे ओबीसी), नामाप्र महिला. सर्वसाधारण, सर्वसाधारण महिला. यात "पुरुष" असा रकाना कुठंय ते दाखव. तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मग मी बी उभं राहू शकती?" कायद्यानं तेव्हाही राहू शकत होतीस, आताही राहू शकतेस, ३० वर्षांपूर्वीसुद्धा राहू शकली असतीस. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गावात ज्यांना माहीत आहे त्यांनाही सांगायची गरज वाटत नाही, कारण सगळ्यांच्या हिशोबात निम्म्या जागा बायकांना गेल्या म्हणजे उरलेल्या निम्म्या पुरुषांच्या. आरक्षण म्हणजे निदान इतक्या तरी बायका हव्यात असा अर्थ होता, आपण त्याचा अर्थ एवढ्याच बायका असा करून टाकला.

ती सरपंच झाली कशी तेही सांगते. २०२१ च्या जानेवारीतली निवडणूक. तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडायचे आणि त्या वर्षी सरपंचपदाची सोडत निकालानंतर काढली होती, म्हणजे कुणालाच आधी माहीत नव्हतं की खुर्ची कुणाची. पॅनेलप्रमुखांनी आत्याला घेतलं होतं ते वॉर्डातली एक महिला जागा भरायची म्हणून. मामा (आत्याचे मिस्टर) भावकीत सरळ माणूस, कुणाशी भांडण नाही, म्हणून त्यांची बायको. फॉर्मवर सही करताना आत्याला वॉर्ड नंबरसुद्धा माहीत नव्हता. निकाल लागला, पॅनेल आलं आणि मग सोडतीत सरपंचपद महिलेला गेलं. पॅनेलमध्ये तीन बायका निवडून आल्या होत्या, त्यातली एक नुकतीच बाळंत झालेली आणि दुसरीच्या घरी पॅनेलप्रमुखांचं पटत नव्हतं. राहिली आत्या.

पहिलं दीड वर्ष कारभार मामांनी केला. लपवण्यासारखं काही नाही, आत्या स्वतः सांगते. मासिक सभेला ती जायची, खुर्चीत बसायची आणि प्रोसिडिंगवर सही करायची. ग्रामसेवक, ज्यांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते बोलायचे मामांशी. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आता चेकनं निघत नाहीत, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, त्यासाठी पेनड्राइव्हसारखा एक डोंगल मिळतो. आत्याच्या नावाचा डोंगल दीड वर्ष ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये होता. तिनं तो हातात सुद्धा घेतला नव्हता आणि तिच्या सहीनं लाखांची बिलं निघत होती.

बदल झाला तो पाण्यामुळं. वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग तेव्हा बंधित असायचा, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागायचा. आराखड्यात खालच्या वस्तीची पाइपलाइन धरली होती, आणि एक दिवस त्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन थेट आत्याच्या दारात आल्या. मामांशी नाही बोलल्या, आत्याशी बोलल्या. पाइपलाइन कागदावर झालीय म्हणतात, मग नळ कुठाय? आत्याला काहीच सांगता येईना. त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन तिनं डोंगल मागितला. ऑपरेटर म्हणाला, मामांना विचारून देतो. ती म्हणाली, "नाव कुणाचं हाय त्याच्यावर?" तिथून पुढची साडेतीन वर्षं तिची. डोंगल डब्यात, डबा कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. मामा महिनाभर घुश्शात होते मग आपोआप निवळले. आता ते तिला मोटरसायकलवर पंचायत समितीला सोडतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबतात.

लोक "सरपंच पती" म्हणून हसतात तेव्हा मला राग येतो तो यासाठी. राग पतीचाही येतो, पण जास्त राग येतो तो त्या हसण्याचा, कारण त्यात बाईला शिकायला जो वेळ लागतो तो धरलेलाच नसतो. दीड वर्ष लागलं तिला. चाळीशी ओलांडेपर्यंत जिला घरातला व्यवहार कुणी विचारून केला नाही तिला दीड वर्षात कॅशबुक वाचता आलं, हे मला तरी कमी वाटत नाही. आणि ज्या क्षणी ती तयार झाली त्या क्षणी चिठ्ठी निघाली आणि तिला सांगण्यात आलं की आता तुमचं काम झालं. पॅनेलप्रमुखांचा फोन संध्याकाळीच आला होता, "वहिनी, आता तुम्ही मोकळ्या झालात, लई केलंत गावासाठी." प्रेमानंच बोलले. तेच तर अवघड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळी चर्चा पहिल्या टर्मची करतो. बाई निवडून आली का, ती स्वतः कारभार करते का नवरा करतो. दुसऱ्या टर्मचं कुणी बोलतच नाही. पुरुष सरपंच दुसऱ्यांदा होतो, तिसऱ्यांदा होतो, मग पंचायत समिती, मग झेडपी, आणि त्या वीस वर्षांत तो राजकारण शिकतो. बाईला पाच वर्षं मिळतात आणि फिरतं आरक्षण पुढच्या वॉर्डात निघून जातं. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, लागू झाली १९९३ च्या एप्रिलमध्ये, तेव्हा एक तृतीयांश जागा होत्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. ही काही लहान गोष्ट नाही, आत्यासारख्या हजारो बायका याच्यामुळंच आल्या. पण जागा फिरती ठेवल्यामुळं दर वेळी नवीन बाई पहिलीच्या वर्गात बसते.

यावर मुंबईचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. रिखिल भवनानी नावाच्या अभ्यासकानं मुंबई महापालिकेचे वॉर्ड घेतले होते, १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले. असे वॉर्ड चिठ्ठीनं ठरलेले असल्यामुळं तुलना सरळ करता येते. तर ज्या वॉर्डात आधी आरक्षण होतं तिथं खुल्या निवडणुकीत बाई निवडून यायची शक्यता, आरक्षण नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली. पाचपट! म्हणजे एकदा बाई बसली की लोकांना सवय होते, पक्षांना कळतं की ही सीट काढू शकते, आणि बाईलाही कळतं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या गावांवरही असाच अभ्यास झाला होता, तिथं प्रधानपद (म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद) लागोपाठ दोनदा महिलांकडं राहिलं त्या गावांत पुढं खुल्या जागांवर जास्त बायका उभ्या राहिल्या आणि जिंकल्यासुद्धा. एकदा नाही, दोनदा. मग आपण आरक्षण दोन टर्मसाठी एका जागी का ठेवत नाही हा प्रश्न मी तीन-चार राजकारणातल्या ओळखीच्या लोकांना विचारला, सगळ्यांचं उत्तर एकच, मग आमच्या पोरांनी दहा वर्षं काय करायचं.

आणि वर जायची शिडी तर वेगळीच आहे. आमच्याकडं म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचा रस्ता ग्रामपंचायतीतून जातोच असं नाही, तो जातो विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, डीसीसी म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि साखर कारखाना यातून. कर्ज तिथून मिळतं, ऊस तिथं जातो, पोरांना नोकऱ्या तिथं लागतात, म्हणून मतंही तिथूनच हलतात. आता सोसायटीचं सभासद व्हायचं तर सातबारावर नाव लागतं. आत्याच्या घरची सगळी जमीन मामांच्या आणि दिरांच्या नावावर. माहेरच्या जमिनीवर तिनं हक्कसोड करून दिलं, माझ्या बाबांच्या नावे, आणि ते आमच्या घरात कुणाला वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही, हे आज लिहिताना जड जातंय. म्हणजे ती सोसायटीत मतदारच नाही. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात कायद्यानं महिलांसाठी २ जागा ठेवल्यात, मंडळ कितीही मोठं असो. ग्रामपंचायतीत निम्म्या आणि जिथं खरा पैसा आणि खरी माणसं बांधली जातात तिथं २. त्या दोनमध्ये कुणाच्या घरच्या बायका असतात ते सांगायला नको.

म्हणून विधानसभेचे आकडे बघून मला आता आश्चर्य वाटत नाही, फक्त वाईट वाटतं. २०२४ ची निवडणूक आठवा. सगळीकडं बहीण, बहीण आणि बहीण, एक बाजू १५०० देतेय तर दुसरी ३००० देऊ म्हणतेय, सभेला बायकांच्या बसेस, पोस्टरवर बायका. आणि उमेदवार? ४१३६ उमेदवारांत बायका ३६३. निवडून आल्या २१, २८८ पैकी. आधीच्या वेळी, २०१९ ला, २४ होत्या. लोकसभेतही तेच, २०१९ ला महाराष्ट्रातून ८ महिला खासदार होत्या, २०२४ ला ७. मतदार म्हणून आपल्याला एवढा भाव कधीच नव्हता आणि उमेदवार म्हणून आपण खाली आलो, एकाच वर्षात.

ज्या आल्यात त्यातल्या बऱ्याच जणी राजकारणी घरातल्या आहेत यावरूनही लोक बोलतात. मला ते अर्धवट वाटतं. घराण्यातले पुरुष काय कमी आहेत? गोव्यात शशिकला काकोडकर वडील गेल्यावर १९७३ ला मुख्यमंत्री झाल्या, बांदोडकरांची मुलगी म्हणूनच झाल्या, पण १९७९ पर्यंत राज्य त्यांनी चालवलं. गोव्याला तेव्हा महिला मुख्यमंत्री मिळाली, फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला आजवर एकही नाही. माझी तक्रार घराण्यातल्या बाईबद्दल नाहीये, जिच्या मागं घराणं नाही तिला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कोण देणार याबद्दल आहे.

मृणाल गोरेंच्या मागं कारखाना नव्हता, बँक नव्हती. गोरेगावात बायकांना पाणी मिळत नव्हतं, त्या त्यासाठी लढल्या, १९६१ ला महापालिकेत गेल्या, १९७२ ला विधानसभेत, त्याच काळात महागाईविरुद्ध लाटणं मोर्चा. १९७७ ला त्या खासदार झाल्या आणि इंदिराबाई पडल्या, तेव्हाची घोषणा आमची आई अजून म्हणून दाखवते, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात". नगरसेवक, मग आमदार, मग खासदार, एकेक पायरी, सोळा वर्षं, आणि आरक्षण नसताना. पण त्यांच्यामागं समाजवादी चळवळ होती, रोज रस्त्यावर येणाऱ्या बायकांची संघटना होती. आज पक्षांच्या महिला आघाड्या आहेत त्या मोर्चाला गर्दी आणतात, स्वागताला औक्षणाचं ताट धरतात आणि तिकीटवाटपाच्या बैठकीत नसतात.

बाई स्वतःच्या बळावर टिकली तर काय होतं त्याचं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावचं आहे. मनीषा पानपाटील तिथं निवडून आलेल्या सरपंच. त्या सासूबरोबर सरकारी जागेवर बांधलेल्या घरात राहतात अशी गावातल्या काहींनी तक्रार केली आणि त्यांना अपात्र ठरवलं, जिल्हाधिकाऱ्यांनी, मग आयुक्तांनी, हायकोर्टातही दिलासा मिळाला नाही. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कोर्टानं त्यांना पद परत दिलं आणि निकालात स्पष्ट म्हटलं की एक बाई सरपंच झालीय हे गावातल्या लोकांना पचलं नाही. मी तो निकाल आत्याला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "दिल्लीपर्यंत जायला पैसा कुठनं आणला आसंल बाईनं."

अपात्र करायला कारणंही बायकांना जास्त चिकटतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायत लढता येत नाही. लोकसंख्येसाठी म्हणून केलेला नियम, पण किती मुलं आणि मुलगाच पाहिजे हे ठरवणारी बाई आमच्याकडं किती घरांत आहे? तिसरं होऊ देणारा निर्णय सासूचा आणि अपात्र सून. आत्याची शेजारीण उत्तम बोलते, बचत गटाचा हिशोब तिच्याइतका कुणाला जमत नाही, तीन मुलं आहेत, संपला विषय.

आणि निवडणुकाच झाल्या नाहीत तर निम्म्या जागांचं काय? ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकेसमध्ये राज्यातल्या किती झेडपी आणि महापालिकांवर प्रशासक बसले. मुंबईत २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या, त्या चार वर्षं रिकाम्या. यावर कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. लोकसभा-विधानसभेच्या ३३ टक्क्यांचंही असंच, १९९६ ला पहिल्यांदा विधेयक आलं, २०१० ला राज्यसभेत पास होऊन अडकलं, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एकदाचं लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी पास झालं, पण कायद्यातच लिहून ठेवलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. २०२४ ची निवडणूक तशीच गेली. आणि तिथंही जागा फिरत्याच राहणार आहेत.

असो, आत्याचं सांगते. ती उभी राहणार आहे. सर्वसाधारण जागेवर, आणि आता सरपंच थेट जनतेतून निवडायचा असल्यामुळं सगळ्या गावाची मतं मागावी लागणार. पॅनेलप्रमुख नाराज आहेत, त्यांच्या पुतण्याचं नाव ठरलं होतं. खालच्या वस्तीतल्या बायकांनी आपण होऊन सांगितलंय की घरटी वर्गणी काढू, पत्रकाचा खर्च आमचा. मामा काही बोलले नाहीत, पण परवा त्यांनीच मोटरसायकलच्या टायरमध्ये हवा भरून ठेवली आणि म्हणाले, वाड्या-वस्त्या फिरायच्यात तर सकाळी लवकर निघत जाऊ.

मी गेल्या रविवारी कागदपत्रं बघायला गेले होते. यादी करत बसलो, जातीचा दाखला नको कारण जागा खुली आहे, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, बँकेत वेगळं खातं, मालमत्तेचं घोषणापत्र. घोषणापत्रात येऊन अडलो. तुझ्या नावावर काय आहे आत्या, मी विचारलं. गळ्यातलं, चार शेळ्या आणि बचत गटातले पैसे. घराचा नमुना ८ चा उतारा काढला तर त्यावर एकट्या मामांचं नाव, आणि पाच वर्षं गावातल्या सगळ्या नमुना ८ वर सह्या हिच्या. तिनं तो कागद मामांच्या पुढं ठेवला. काही बोलली नाही, नुसता ठेवला. मामांनी जेवण होईपर्यंत तो बघितला आणि मग मला म्हणाले, दोघांची नावं लावायला अर्ज कसा लिहायचा तेवढं सांग. तिथंच वहीचं पान फाडून लिहून दिला. सोमवारी त्यांनी तो ग्रामपंचायतीत देऊन पोच आणली, पोच आत्यानं डोंगलच्या डब्यात ठेवलीय.